आगगाडीला एकच तार कशी पुरते?

वर्धा स्थानकाच्या फलाटावरून रुळांवरची तार आपण अनेकदा पाहतो. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, मग इंजिनाला एकच कशी पुरते?" या एका प्रश्नातून विजेचा सगळा पाठ उलगडता येतो.

परिपथ पूर्ण असल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही. इंजिनाची दुसरी 'तार' आपल्या पायांशीच असते. धारा वरच्या तारेतून इंजिनात येते आणि चाकांतून, रुळांतून उपकेंद्राकडे परतते.

आता तारेच्या रोधाकडे वळू. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि हीटरच्या जुन्या, सुट्या कॉइलचा तुकडा एकसरीत जोडा. कॉइलची परिपथातली लांबी वाढवत न्या. बल्ब मंद होत जातो. तार जितकी लांब, तितका तिचा रोध जास्त.

तांब्याच्या जाड तारेचा रोध अगदी कमी असतो. हिशेबासाठी तो कि.मी.ला ०.२ ओहम धरू. इंजिनाला ३००० किलोवॉट शक्ती हवी आहे. विभवांतर १५०० व्होल्ट असेल तर धारा २००० अँपिअर होईल. ओहमच्या नियमाने एका कि.मी.त ४०० व्होल्ट तारेतच खर्ची पडतील! विभवांतर २५,००० व्होल्ट असेल तर धारा १२० अँपिअर, आणि घट फक्त २४ व्होल्ट. उष्णतेच्या रूपातील नुकसान धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ते ८०० किलोवॉटवरून ३ किलोवॉटच्या आत येते.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली विजेची गाडी १५०० व्होल्ट दिष्ट धारेवर चाले. दिष्ट धारा सेलमधल्याप्रमाणे एकाच दिशेने वाहते. तिच्यासाठी जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे लागत. वर्ध्याच्या मार्गावर मात्र २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आहे. ती सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. म्हणूनच रोहित्राने तिचे विभवांतर सहज कमी-जास्त करता येते. इंजिनातले रोहित्र तेच काम करते. दोन पद्धतींमुळे वर्ध्याहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचे मुंबईतील मार्गही प्रत्यावर्ती धारेवर आले.

शेवटी एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. इतक्या विभवांतराला हवेचा रोधही अपुरा पडतो. मालडब्याच्या टपावर चढलेल्या मुलाचा हात तारेला लागला नाही, तरी नुसते जवळ जाण्यानेही ठिणगी उडून परिपथ पूर्ण होतो, आणि तोही त्याच्या शरीरातून. 'परिपथ' या शब्दाचा हा अर्थ परीक्षेत विचारला जात नाही. पण रुळांशेजारच्या गावांतील मुलांना तो आधी कळला पाहिजे.