एकाचे शंभर करणारे घराणे

१८४३ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरातल्या एका नर्सरीने चिलीच्या डोंगरातल्या एका झाडाची रोपे विकायला काढली. भाव होता शंभर रोपांना दहा पौंड. झाड होते अराउकारिया. फांद्यांवर खवल्यांसारखी धारदार पाने असलेल्या या झाडाला इंग्रज ‘मंकी पझल’ म्हणतात. इंग्लंडला ते तेव्हा अगदीच नवखे नव्हते. आर्चिबाल्ड मेंझीस या वैद्याने आपल्या सागरी सफरीतून १७९५ मध्ये त्याची मोजकी रोपे आणली होती. पण मोजकी रोपे म्हणजे राजाच्या आणि दोन-चार सरदारांच्या बागेची शोभा. त्या झाडाचा शेकड्याने भाव निघाला, तेव्हा कुठे ते गावोगावच्या बंगल्यांपुढे उभे राहू लागले.

ही नर्सरी वीच घराण्याची. वनस्पतींच्या इतिहासात त्यांचे नाव निघते ते बहुधा त्यांनी जगभर धाडलेल्या शोधकांमुळे. बोटी, जंगले, तापाच्या साथी यांच्या कथा रंजक आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. मला मात्र या घराण्याची खरी करामत एक्सेटरच्या आणि लंडनच्या वाफ्यांवर दिसते. परदेशातून फूल आणणारे पुष्कळ होते. त्या एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार करून, जगवून, ठोक भावात बाजारात आणणारे फार थोडे.

मूळपुरुष जॉन वीच, जन्म १७५२, स्कॉटलंडमधल्या जेडबर्गचा. डेव्हन परगण्यात किलर्टन इथे सर थॉमस ॲकलंड यांच्या जहागिरीवर तो बागेच्या कामाला लागला, आणि मालकाच्याच पाठिंब्याने जवळच्या जमिनीवर त्याने स्वतःची रोपवाटिका उभी केली. मुलगा जेम्स याने १८३२ मध्ये व्यवसाय एक्सेटरजवळ माउंट रॅडफर्डला नेला. पुढे नातू, तोही जेम्सच, १८५३ मध्ये थेट लंडनला गेला आणि चेल्सी भागात किंग्ज रोडवरची एक नावाजलेली नर्सरी त्याने विकत घेतली. वडील आणि मुलगा यांच्या शाखा १८६०च्या दशकात वेगळ्या झाल्या. लंडनच्या शाखेने मग कामाची वाटणी केली: झाडे-झुडपे कूम वूडला, बियाणे फेल्टमला, फळझाडे लँग्लीला, आणि काचघरातले नाजूक वैभव चेल्सीला, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर.

पहिला मोठा डाव १८४० चा. जेम्सने विल्यम लॉब या कॉर्निश माळ्याला दक्षिण अमेरिकेत पाठवले. लॉब काही विद्यापीठात शिकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. पण कोणते बी रुजेल आणि कोणते वाटेत कुजेल हे त्याला कळत होते, आणि धंद्याला तेच हवे होते. त्याने अराउकारियाच्या तीन हजारांवर बिया पाठवल्या. दहा पौंड शेकडा हा भाव त्यातूनच निघाला.

१८५३ मध्ये हाच लॉब कॅलिफोर्नियात होता. सिएरा नेवाडाच्या डोंगरात एका शिकाऱ्याला अजस्र झाडांचे बन दिसल्याची बातमी त्याला सॅन फ्रान्सिस्कोत कळली. तो कॅलाव्हेरास बनात गेला, बिया, फांद्या आणि दोन जिवंत रोपे घेतली, आणि कराराची मुदत संपायची वाट न बघता पहिली बोट पकडून निघाला. डिसेंबरमध्ये तो एक्सेटरला पोहोचला. त्याच महिन्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी आदल्या वर्षी वारलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ झाडाला ‘वेलिंग्टोनिया’ हे नाव देऊन टाकले. अमेरिकन लोक भडकले. आपल्या भूमीवरचे सर्वांत भव्य झाड इंग्रज सेनापतीच्या नावाने का ओळखले जावे, हा त्यांचा सवाल रास्तच होता. शास्त्रीय नाव पुढे बदलले, आज ते सेक्वियाडेंड्रॉन आहे. वीच मात्र या वादाची वाट बघत बसले नाहीत. १८५४ च्या उन्हाळ्यात त्यांची रोपे बाजारात होती: एक रोप दोन गिनीला, डझन घेतल्यास बारा गिनी. म्हणजे डझनाला निम्मा दर! अशी सवलत देणाऱ्याला आपल्या वाफ्यात किती रोपे तयार आहेत हे पक्के माहीत असते.

बियांचे एक, पण जिवंत रोपे बोटीने आणणे शक्य झाले ते एका काचेच्या पेटीमुळे. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास दिसले, की झाकण लावलेल्या बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवून जगतो. मातीतून आणि पानांतून निघालेली वाफ काचेवर साचते, थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. पाणी घालावे लागत नाही, खारा वारा आत शिरत नाही, ऊन मात्र मिळते. १८३३ मध्ये याच तत्त्वावर केलेल्या काचेच्या पेट्या सिडनीपर्यंत जाऊन पोहोचल्या आणि आतली रोपे जिवंत राहिली. त्याआधी महिनोन्महिन्यांच्या प्रवासात बोटीवरची बहुतेक रोपे मरत.

पेटी असूनही हानी होतच असे, आणि कधी ती चीड यावी अशी असे. विल्यमचा भाऊ थॉमस लॉब आशियात फिरत होता. खासी टेकड्यांतले निळे व्हांडा ऑर्किड त्याने वीचकडे धाडले आणि १८५० मध्ये ते इंग्लंडात फुलले. त्याच सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर त्या टेकड्यांत होते. क्यू उद्यानासाठी त्यांनी सात हमालांच्या पाठीवर मावेल इतके व्हांडा गोळा केले; इंग्लंडला जिवंत पोहोचले ते थोडेच. दुसऱ्या एकाने एकाच हमालाचे ओझे पाठवले, ते वाईट अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. असा भाव कानावर आल्यावर खासी टेकड्यांची काय गत झाली असेल ते सांगायला नको. जिथे रोपवाटिकेत पुनरुत्पत्ती जमत नव्हती, तिथे हा धंदा निव्वळ ओरबाडण्यावर चालत होता.

ऑर्किडच्या बाबतीत ही अडचण खरीच होती. त्याचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात साठवलेले अन्न जवळपास नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. हे कारण विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. तोवर माळी अनुभवाने ते बी आईझाडाच्याच कुंडीत टाकत, कारण तिथे कधी कधी रुजते एवढे त्यांना ठाऊक होते. वीचकडच्या जॉन डॉमिनी या माळ्याने जॉन हॅरिस या एक्सेटरच्या शल्यवैद्याच्या सल्ल्याने दोन जातींचे परागीभवन हाताने घडवले आणि १८५६ मध्ये जगातला पहिला कृत्रिम संकरित ऑर्किड फुलला: कॅलँथी डॉमिनाय. घटपर्णीचे संकरही याच माणसाने केले.

घराण्यातले लोकही बाहेर पडले. जॉन गूल्ड वीच १८६० मध्ये जपानला गेला आणि ब्रिटिश राजदूत अल्कॉक यांच्याबरोबर फुजी पर्वत चढला. पुढच्या सफरीत दक्षिण समुद्रातल्या बेटांवरून त्याने क्रोटनचे कितीतरी प्रकार आणले. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकापाशी हटकून दिसणारा रंगीत पानांचा तोच क्रोटन, तेव्हा लंडनच्या काचघरातली चैन होता. जॉन १८७० मध्ये क्षयाने गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. रिचर्ड पीअर्स हा दुसरा शोधक त्याआधी दोन वर्षे पनामात पीतज्वराने गेला होता.

चार्ल्स मॅरीस या वीचच्या आणखी एका शोधकाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. १८७७ ते ७९ मध्ये तो जपान-चीनमध्ये होता. यांगत्से नदीने तो इचांगपर्यंत गेला, जेमतेम आठवडाभर राहिला आणि परत फिरला. पलीकडच्या डोंगरात चिनी वनस्पतींचे भांडार होते. पण चीनमध्ये आता नवीन फारसे उरले नाही असाच समज पेढीत रुजला. त्याने आणलेल्या बियांतून उगवलेले एक झुडूप, हॅमामेलिस मॉलिस, कूम वूडच्या वाफ्यात जवळपास वीस वर्षे उभे होते. कडाक्याच्या थंडीत पिवळी सुगंधी फुले देणारी ही वेगळीच जात आहे, हे अखेर क्यूच्या जॉर्ज निकोल्सन यांच्या लक्षात आले. मॅरीस तोवर भारतात होता: आधी दरभंग्याच्या महाराजांच्या बागांवर, मग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या. आंब्याच्या जातींचा त्याने अभ्यास केला आणि १९०२ मध्ये ग्वाल्हेरलाच तो वारला.

मॅरीसने सोडलेली वाट अर्नेस्ट विल्सनने धरली. १८९९ मध्ये तेवीस वर्षांच्या या तरुणाला वीचनी एकाच झाडासाठी चीनला पाठवले. ते झाड डेव्हिडिया, ज्याच्या फुलांभोवतीची दोन मोठी पांढरी पाने वाऱ्यात हातरुमालासारखी हलतात. ऑगस्टिन हेन्री या जकात अधिकाऱ्याने काही वर्षांपूर्वी असे एक झाड पाहिले होते. विल्सन त्याला भेटायला युन्नानमध्ये सिमाओपर्यंत गेला. हेन्रीने वहीच्या कागदावर खुणा करून दिल्या. तो कागद सुमारे वीस हजार चौरस मैलांचा नकाशा होता! २५ एप्रिल १९०० रोजी विल्सन त्या जागी पोहोचला, तर झाड तोडलेले, आणि त्याच्या लाकडाचे नवे घर शेजारी उभे. १९ मे रोजी मात्र दुसरीकडे त्याला बहरलेली डेव्हिडिया सापडली.

गंमत अशी, की पॅरिसच्या मॉरिस द व्हिल्मोरँ यांच्याकडे फार्ज या फ्रेंच मिशनऱ्याने १८९७ मध्येच सदतीस बिया पाठवल्या होत्या. त्यातली एक रुजली. पहिलेपणाचा मान गेला, आणि विल्सन त्याने खट्टूही झाला. पण कूम वूडला त्याच्या बिया वेगवेगळ्या तऱ्हांनी पेरल्या गेल्या. काही उष्ण काचघरात, काही कोमट जागी, काही उघड्यावर. उबेतल्या बिया रुसल्या. थंडी-पाऊस खात बाहेर पडलेल्या बियांना कोंब फुटले. हजारो रोपे उभी राहिली. व्हिल्मोरँकडचे एकुलते झाड १९०६ मध्ये फुलले, वीचकडचे १९११ मध्ये. बागा मात्र वीचच्या रोपांनी भरल्या.

१९१४ पर्यंत या घराण्याने १२८१ नव्या वनस्पती बाजारात आणल्या असे मोजले जाते. त्यात ४९८ काचघरातल्या आणि २३२ ऑर्किड. लंडनच्या शाखेचे प्रमुख हॅरी वीच यांना १९१२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनाच्या कामगिरीबद्दल ‘सर’ हा किताब मिळाला. बागकामासाठी तो मिळालेले ते पहिले. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर चेल्सीचे सुप्रसिद्ध पुष्पप्रदर्शन सुरू झाले. पण हॅरींना मूल नव्हते आणि पुतण्यांच्या हाती धंदा टिकला नव्हता. नावाची पत घसरलेली पाहण्यापेक्षा त्यांनी दुकान बंद करणे पसंत केले. १९१४ मध्ये चेल्सीची पेढी मोडली, कूम वूडचा साठा लिलावात निघाला आणि विल्सनची रोपे इतर नर्सऱ्यांनी उचलली. एक्सेटरची जुनी शाखा मात्र पीटर वीच आणि मग त्यांची मुलगी मिल्ड्रेड यांनी चालवली, आणि १९६९ मध्ये ती दुसऱ्या नर्सरीला विकली गेली.