शेतकरीण आणि तिचे पावसाळी बूट

मृग नक्षत्राच्या सुमारास ठाण्याच्या नौपाड्यांत गोखले रस्त्यानें जाणारास दुकानांच्या दारांशीं छत्र्या, रेनकोट व रबरी बूट टांगलेले दिसतात. नौपाडा या नांवांत ‘पाडा’ हा शब्द शिल्लक आहे. शेत मात्र आतां शोधूनहि सांपडणार नाहीं. तथापि आसनगांव, वासिंद, बदलापूर या बाजूंचीं शेतकरी कुटुंबें खरेदीसाठीं ठाण्यास येतात, व पावसाळ्यास लागणारा जिन्नस येथून नेतात. त्यांत रबरी बूट, ज्यास आपण सर्व गमबूट म्हणतों, हल्लीं पुष्कळदां असतो. पण तो कोणाच्या पायासाठीं घेतला जातो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या पाहण्याप्रमाणें तो घरधन्यासाठीं घेतला जातो. लावणीच्या चिखलांत दिवसचे दिवस उभी राहणारी घरधनीण अनवाणीच असते. या गोष्टीचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, तरी उरलेल्या ठाणे जिल्ह्यांत शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांचें मुख्य पीक भातच आहे. वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणारा हा मुलूख. येथें चिखलणी बहुधा पुरुष करितो. परंतु आवण खणणें, मुठी बांधणें, लावणी व बेणणी हीं कामें मुख्यतः स्त्रियांच्या हातचीं. त्याशिवाय गोठा, गवताचा भारा व पाणवठा हीं तिचींच. म्हणजे ओल्यांत उभें राहण्याचे तास मोजले, तर तिचेच अधिक भरतील. आपल्या पूर्वजांनीं बांबूच्या कामट्या व पानें यांचें इरलें करून तिच्या डोक्याची व पाठीची सोय केली. पायांची सोय मात्र कोणीं केली नाहीं.

अनवाणी राहिल्यानें काय होतें, तें आमच्या भगिनींस सांगावयास नको. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, टांचांच्या भेगांत चिखल भरतो. हें दुखणें आपण पावसाळ्याचा धर्म म्हणून सोसतों. परंतु याच भेगांतून व चिखल्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा रोग शरीरांत शिरतो, हें अद्याप पुष्कळांस ठाऊक नाहीं. उंदीर, गुरें, कुत्रीं यांच्या मूत्रांतून याचे जंतु पाण्यांत व चिखलांत येतात, आणि जखमेंतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडींतून आंत जातात. जपानांतील शास्त्रज्ञ इनाडा व इडो यांनीं १९१५ सालीं हे जंतु प्रथम ओळखले. तेथें कोळशाच्या ओल्या खाणींतील मजूर या रोगानें आजारी पडत. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्यानंतर मुंबईंत या रोगाची मोठी सांथ आली, तेव्हां शहरवासीयांस त्याचें नांव कळलें. शेतकऱ्याचें शेत तर दरसाल पाण्यांत असतें. एकाएकीं ताप, अंग मोडून येणें, डोळे लाल होणें आणि विशेषतः पोटऱ्या फार दुखणें हीं याचीं लक्षणें होत. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहींत? म्हणूनच हा रोग स्त्रियांच्या अंगीं लपून राहतो. ताप असून पोटऱ्या दुखत असतील, तर वाट न पाहतां प्राथमिक आरोग्य केंद्र गांठावें आणि आपण चिखलांत काम केल्याचें आपण होऊन सांगावें. आरंभीं औषध मिळाल्यास रोग आटोक्यांत येतो. पुढें कावीळ होऊन मूत्रपिंडें बिघडल्यास जीव वांचविणें कठीण पडतें.

दुसरें भय सापाचें. आपल्याकडील नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चारहि विषारी साप पावसाळ्यांत बांधावर व गवतांत येतात, आणि दंश बहुतेक पावलास किंवा घोट्याजवळ होतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकीं निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. पोटरीपर्यंत येणारा बूट सर्व दंश चुकवील असें आम्ही म्हणत नाहीं. पण उघड्या पावलापेक्षां तो शतपटीनें बरा.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजारांतील साधा गमबूट लावणीच्या ऐन चिखलांत चालत नाहीं. पाय उचलतांना तळव्याखालीं पोकळी होते, चिखल तळ ओढून धरतो, आणि बूट घोट्याशीं सैल असल्यास पाय वर व बूट खालीं अशी गत होते. वरून पाणी आंत शिरलें, तर तेंच घाण पाणी दिवसभर पायाशीं कोंडून राहतें. असा बूट नसलेला पुरवला. जपानांत यासाठीं निराळाच बूट वापरतात. त्याचें रबर पातळ व मऊ, तळ लवणारा, पोटरीस घट्ट बसणारा व घोट्याशीं पट्टा असलेला असतो. असा बूट मागवून मिळाल्यास लावणीसाठीं तोच घ्यावा. न मिळाल्यास साधा बूट बांध, आवण, गोठा, गवतकापणी व रात्रीची वाट यांसाठीं ठेवावा. चिखलांत उतरण्यापूर्वीं जखमा जलरोधक पट्टीनें झांकाव्या, वर आल्यावर पाय साबणानें धुऊन कोरडे करावे, आणि डॉक्सिसायक्लीनची प्रतिबंधक गोळी घ्यावी कीं नाहीं, तें डॉक्टरांस विचारावें. गरोदर स्त्रियांनीं ती घेऊं नये. नेरळच्या सगुणा बागेंत निघालेल्या पद्धतीप्रमाणें चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यावर भात टोकणाऱ्यांस मात्र साधा बूटहि पुष्कळ कामीं येतो.

बूट निवडावा कसा? गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं मुरबाडकडील दोन भगिनींसमवेत आम्ही नौपाड्यांतील एका दुकानांत गेलों होतों. दुकानदारानें पहिलाच प्रश्न केला, “मावशी, यजमानांचा नंबर काय?” त्यांपैकीं वडील बाई शांतपणें म्हणाल्या, “दादा, चिखलांत मी उभी राहतें. नंबर त्यांचा कशाला?” दुकानांत सर्वांत लहान बूट निघाला तो सहा नंबरचा, बाईंच्या पायास चार नंबर लागत होता. पुढें कापूस घालून तो खपविण्याची दुकानदाराची तयारी होती. आम्ही तो घेतला नाहीं. स्त्रीचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान आवृत्ति नव्हे. चवड्याच्या मानानें तिची टांच अरुंद असते आणि पोटरीचा फुगवटा खालीं असतो. म्हणून पुरुषी बूट टांचेशीं ढिला पडतो व पोटरीवर आवळतो. चार दुकानें हिंडल्यावर बाईंच्या मापाचा जोड मिळाला.

खरेदीस शक्यतों सायंकाळीं जावें, कारण दिवसभराच्या कामानें पाय किंचित् फुगलेला असतो. जाड सुती मोजा घालून दोन्ही पायांत बूट चढवावे. बोटें आंत हलावीं, पण चालतांना टांच उचलूं नये. मग दुकानांतच उकिडवें बसून पाहावें; कांठ गुडघ्यामागें रुतला, तर बेणणीस तो बूट निरुपयोगी. त्यानंतर बेणणीच्या वेळीं वांकतों तसें वांकून चार पावलें चालावें. लाज धरूं नये. पैसा आपला व पायहि आपला. तळाच्या खांचा बांधावर न घसरण्याइतक्या खोल असाव्या. प्लास्टिकचा, म्हणजे पी. व्ही. सी. चा, बूट स्वस्त पडतो, पण थंडींत ताठरतो व घडीवर चिरतो. रबरी बूट लवचिक राहतो. मात्र तेल, रॉकेल व ऊन हे त्याचे वैरी. माळशेजच्या पायथ्याशीं पहांटेच्या गारठ्यांत भाजीस पाणी देणारीनें आंत लोकरी मोजा मावेल इतकी जागा ठेवावी. रबर पाणी अडवितें, थंडी अडवीत नाहीं.

घरीं आल्यावर बूट धुऊन उलटे टांगावे, आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलींत वाळवावे. चुलीजवळ ठेवूं नयेत. सकाळीं पायांत घालण्यापूर्वीं झटकल्यावांचून राहूं नये, कारण विंचवासहि ती ऊबदार जागा आवडते. ओला मोजा दुसऱ्या दिवशीं पुन्हां घातल्यास चिखल्यांवर इलाज म्हणून घेतलेला बूट चिखल्यांचेंच कारण होईल.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. विळा, कोयता, फवारणीचा पंप यांचा खर्च आपण शेतीखर्चांत धरितों. बायकोच्या बुटाचा मात्र घरखर्चांत, आणि तोहि उरल्यास. आमच्या मतें हा बूट शेतीचें अवजार आहे. लावणीच्या दिवसांत घरांतली कर्ती बाई आठ दिवस तापानें पडली, तर मजुरीचा व औषधाचा खर्च किती होतो, तें ज्यानें त्यानें आपल्या घरचा आंकडा मांडून पाहावें. गांवोगांवच्या महिला बचत गटांनीं आपल्या सभासदांचीं मापें एकत्र लिहून दुकानदारास मे महिन्यांतच कळविल्यास चार व पांच नंबरचा माल तो आणून ठेवील. मागणी नसतां तो कशास आणील?

येत्या मृगास आमचे शेतकरी बंधु नौपाड्यांत किंवा कल्याणच्या बाजारांत उतरतील, तेव्हां त्यांनीं घरधनिणीस बरोबर न्यावें आणि दुकानदारास नंबर तिचा सांगावा, एवढीच आमची विनंती आहे.