कापडी मास्कला चुण्या कशासाठी?

सुती कापड उजेडाकडे धरलं की विणीतली भोकं दिसतात. मग शिंकेचे तुषार त्यातून आरपार का जात नाहीत? कारण कापड ही नुसती चाळणी नव्हे. हवा धाग्यांना वळसा घालून निघते. जड थेंबाला तेवढं चटकन वळता येत नाही आणि तो धाग्यावर आपटून तिथेच राहतो, वाऱ्यावरचा पाचोळा काटेरी कुंपणात अडकावा तसा. पुढच्या थरात धागे वेगळ्या जागी येतात, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये तीन थर सुचवले. अगदी बारीक कण तरीही निसटतात, हे लक्षात असू द्या.

खरी गळती कडेने होते. हवा सोपी वाट धरते. नाकाशेजारची फट तिला पुरते. चुण्यांमुळे सपाट तुकडा हनुवटीखालपर्यंत उघडतो आणि गालांना टेकतो. बाहेरच्या बाजूला चुण्यांची तोंडं खालीच हवीत, नाहीतर त्यांत धूळ साठते.

शिवण्याआधी कापड धुऊन घ्या, सूत आटतं. धावदोरा कच्च्या शिलाईपुरता ठीक. कडांना मात्र उलटी टीप घाला: सुई दरवेळी थोडी मागे येऊन पुढे निघते, त्यामुळे टाके एकमेकांना धरून राहतात. नाडीची टोकं दुहेरी टाचा. रोजचा ताण तिथेच येतो.