काळा घोडा कुठे गेला?



ते रापाहून गाडी काढली की थोड्याच वेळात आपण हॅमिल्टनच्या सिव्हिक स्क्वेअरला पोहोचतो. तिथे कॅप्टन जॉन हॅमिल्टन यांचा पुतळा असायचा. २०१३ मध्ये शहराला भेट मिळालेला हा पुतळा वायकाटो-तैनुई जमातीच्या विनंतीवरून कौन्सिलने १२ जून २०२० रोजी काढला. हे कॅप्टन १८६४ मध्ये टौरंगाजवळ गेट पाच्या लढाईत मारले गेले. ज्या शहराला त्यांचे नाव आहे, तिथे ते कधी आलेच नव्हते!

तेव्हा अनेकांनी विचारले, "पुतळा काढला म्हणजे इतिहास पुसला का?" आपल्या मुंबईत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

जोसेफ एडगर बोहम हा मूळचा व्हिएन्नाचा शिल्पकार. तो १८६२ मध्ये लंडनला स्थायिक झाला आणि राणी व्हिक्टोरियाचा आवडता बनला. इंग्लंडचा युवराज (पुढे सातवा एडवर्ड) १८७५ मध्ये मुंबईला येऊन गेला. त्याची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी बोहमकडून त्याचा अश्वारूढ पुतळा घडवून घेतला व १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. लोकांनी मात्र स्वाराकडे पाहिलेच नाही. त्यांच्या तोंडी राहिला तो फक्त "काळा घोडा"!

१९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला गेला. तो वितळवला नाही की फोडला नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी तो आजही उभा आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच आहे. मुलांना घेऊन सुट्टीत गेलात तर दोन्ही जरूर दाखवा.

बोहमच्याच लॉर्ड लॉरेन्सच्या पुतळ्याचे नशीब आणखी वेगळे. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात तलवार घेतलेला हा पुतळा लाहोरला होता. तिथून तो थेट उत्तर आयर्लंडमधल्या लॉरेन्स यांच्या जुन्या शाळेत, फॉइल कॉलेजात गेला.

गंमत म्हणजे साठ वर्षांपूर्वी पुतळा जाऊनही "काळा घोडा" हे नाव टिकले. २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. राज्यकर्ता गेला, लोकांचा घोडा परत आला.

इकडे उलटे झाले आहे. पुतळा गेला, पण नाव हॅमिल्टनच. मात्र किरीकिरीरोआ हे जुने माओरी नावही आता कानावर पडू लागले आहे. इतिहास पुसला जात नाही, फक्त चौकात कोणाला उभे करायचे ते त्या-त्या पिढीचे लोक ठरवतात. आपण इथे पाहुणे म्हणून आलो आणि इथलेच झालो. म्हणून निदान ही दोन्ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असावीत, एवढेच वाटते.