घराला झेपेल असा कुत्रा

वडोदऱ्याच्या मे महिन्यात हस्की पाळायचा म्हणजे दिवसभर एसी चालू ठेवायचा. बर्फातली, दाट दुहेरी केसांची जात ती! पग दिसतो गोड, पण चपट्या नाकामुळे उन्हात त्याला लगेच धाप लागते. मग बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ? घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेला हा शिकारी कुत्रा उन्हाला सरावलेला आहे खरा. पण त्याला रोज मनसोक्त धावायला मोकळी जागा लागते. शेत किंवा मोठं आवार असेल तरच आणा. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गल्लीतलं गावठी पिल्लू बघा. इथल्या हवेत रुळलेलं, आखूड केसांचं. रेबीजची लस मात्र चुकवू नका, आणि पहाटे त्याला फिरवणार कोण, तेवढं आधी आईशी बोलून घ्या.