नदींतील माशांची नोंदवही

नदीकांठच्या गांवांत मासे धरणारे पुष्कळ असतात. परंतु कोणत्या टप्प्यांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या जातीचा मासा किती मिळाला, हें लिहून ठेवणारा मनुष्य विरळाच. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच पडला. अशा प्रसंगीं नुकसान किती झालें हें ठरवावयाचें तर आधीं नदींत काय होतें हें ठाऊक पाहिजे. आणि तें वृद्धांच्या आठवणींवरून सिद्ध होत नाहीं. ज्यांचे पंप त्याच पाण्यावर चालतात त्या शेतकरी बंधूंना हा प्रश्न परका नव्हे.

नोंदींपासून काय निष्पन्न होतें याचें उत्तम उदाहरण कर्नाटकांतील कावेरीचें आहे. तेथें गालीबोरे येथील तळावर गळानें महासीर धरून, वजन करून, पुन्हा जिवंत सोडीत असत. १९९८ ते २०१२ या काळांत २३,६२० तासांच्या खटपटींत ६,१६१ महासीर मिळाल्याची नोंद तेथें झाली. ताशीं मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली. वरवर पाहणारा समाधान पावला असता. परंतु दोन जातींचे आंकडे निराळे काढतांच वेगळेंच सत्य बाहेर आलें. वाढ झाली होती ती निळसर परांच्या जातीची. ही जात मूळची कावेरींतील नव्हे. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रांत तयार झालेलें तिचें बीज तेथें सोडण्यांत आलें होतें. कावेरीचा स्वतःचा मदारीचा महासीर वर्षानुवर्षें कमी होत होता, आणि जे थोडे मिळत त्यांचें सरासरी वजन मात्र वाढत होतें. वजन वाढलें याचा अर्थ भरभराट असा नव्हे. नवीं पिल्लें पुरेशीं तयार होत नाहींत, म्हातारे तेवढे उरले आहेत, असा त्याचा अर्थ. २०१८ मध्यें ही जात अत्यंत संकटग्रस्त म्हणून जाहीर झाली.

आतां मांडणीविषयीं. नदीचे भाग गांवांच्या शिवेप्रमाणें पाडूं नयेत, कारण मासा शीव ओळखीत नाहीं. बंधारा, पूल, संगम अशा न हलणाऱ्या खुणांमधील टप्पा धरावा व प्रत्येक टप्प्यास वहीचीं वेगळीं पानें द्यावीं. तारीख, माणसें, तास, साधन, पाण्याची चढउतार व गढूळपणा, माशाची जात, लांबी आणि वजन इतकें लिहिलें म्हणजे पुरे. चार माणसांनीं तीन तास खपून सहा किलो मासे आणले, तर बारा मनुष्यतासांत सहा किलो, म्हणजे ताशीं अर्धा किलो. हाच आंकडा दोन वर्षांच्या तुलनेस उपयोगी पडतो. नुसतें 'सहा किलो' हें निरुपयोगी. जाळ्याचा व गळाचा हिशेब एकत्र करूं नये. ज्या दिवशीं कांहींच लागलें नाहीं तो दिवस अवश्य लिहावा. लोक नेमका तोच गाळतात, आणि मग वहींत नदी नेहमीं भरलेलीच दिसते!

माशाचें नांव गांवांत जें चालतें तेंच लिहावें. पुस्तकी नांवाच्या मागें लागून चुकीची जात लिहूं नये. कर्नल साइक्स यांनीं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां 'खुद्री', 'कोळस' हीं येथील नांवेंच शास्त्रीय नांवांत घेतलीं. यांतील खुद्री त्यांना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळाला होता. पुण्याखालच्या आजच्या मुळा-मुठेकडे पाहून हें खरें वाटणार नाहीं. पण तें लिहिलेलें आहे म्हणूनच कळतें. मात्र एकाच माशास दोन गांवांत दोन नांवें असतात, यास्तव पहिल्या पानावर नांवांची जुळणी करून ठेवावी.

लांबी तोंडाच्या टोंकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजावी. एकाच जातींत लांबी दुप्पट झाली म्हणजे वजन सुमारें आठपट होतें. या हिशेबानें फुगवलेलीं वजनें तेव्हांच ओळखतां येतात. पावसाळ्यांत अंडीं घालण्यास वर चढणारी गाभोळी मादी सांपडल्यास तिची वेगळी खूण करून सोडून द्यावी.

सोसायटीच्या बैठकींत ही वही वाचतांना टप्पा सांगावा, डोह सांगूं नये. मोठ्या माशांचा डोह जाहीर झाला कीं सुरुंगवाले तेथें पोंचतात; १८९७ च्या कायद्यानें सुरुंग व विष यांस बंदी केली तरी ती संवय गेलेली नाहीं. डोहांचीं नांवें वही ठेवणाऱ्यानें निराळ्या कागदावर लिहून आपल्यापाशींच ठेवावीं.