डबलसीटचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात घराजवळच्याच एका गतिरोधकावर आमची ही मोटारसायकलवरून पडली. मी पडलो नाही, गाडीही पडली नाही. वीसेक फूट पुढे गेल्यावर मागे काहीतरी हलकं लागलं म्हणून वळून पाहिलं, तर ही भर रस्त्यात बसलेली आणि पिशवीतले टोमॅटो गटाराच्या वाटेला लागलेले. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर आणि सहा आठवडे माझ्या हातच्या पोळ्या. यातलं अधिक वेदनादायक काय, हे तिलाच विचारावं.

अशा वेळी आपण जे करतो तेच मी केलं. रस्त्याला शिव्या घातल्या. त्या अगदीच अस्थानी नव्हत्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या संहितेप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने वाहन सुखरूप जातं. आमच्या गल्लीतला प्रकार हाताच्या दोन विती रुंदीचा आहे. त्याला गतिरोधक म्हणण्यापेक्षा डांबराचा बांध म्हणावं.

पण गॅरेजातल्या मेस्त्रींनी माझ्या रागातली हवाच काढली. गाडी मधल्या स्टँडवर लावून ते मागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "साहेब, डावा शॉकअप पहिल्या खाचेवर, उजवा तिसऱ्यावर. आणि डाव्याचं ऑइल कधीच गेलंय. वहिनी बसतात हे गाडीला कुणी सांगितलंच नाही बघा."

मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक पायऱ्यापायऱ्यांची कडी असते. बहुतेक साध्या गाड्यांत तिच्या पाच खाचा. टूलकिटमध्ये कोयत्यासारखा वाकडा पाना येतो, तो हिच्यासाठीच. माझा पाना नऊ वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरा करकरीत होता.

कडी वर चढवली की "शॉकअप हार्ड केला" असं सगळेच म्हणतात. तसं होत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम असा, की वजन दुप्पट तर स्प्रिंगचं दबणंही दुप्पट. हा तिचा स्वभाव कडी फिरवून बदलत नाही. कडीने ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे माणसं बसल्यावर गाडी कमी खचते आणि खड्ड्यासाठी चालीची शिल्लक उरते. पहिल्या खाचेवर आम्ही दोघं आणि भाजीची पिशवी, म्हणजे शिल्लक जवळजवळ शून्य. बांधावर शॉकअप तळाला टेकला. दबलेली स्प्रिंग जेवढी शक्ती साठवते तेवढी परत फेकते, आणि त्या फेकण्याला आवर घालायचं काम बारीक छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलाचं. तेल नव्हतं. स्प्रिंगने हिला सीटवरून उडवलं. तीही एका बाजूला पाय सोडून बसलेली.

मग मेस्त्रींनी परीक्षा दाखवली. गाडी उभी धरून सीट जोरात दाबायची आणि सोडायची. एकदा वर येऊन ती शांत झाली तर ठीक, दोन-तीनदा नाचली तर तेल संपलं. बहुतेक साध्या गाड्यांचे मागचे शॉकअप बंद असतात, तेल भरता येत नाही, जोडीच बदलावी लागते. एकच नवा घालून पैसे वाचवू नयेत.

खाच ठरवायला टेप लागतो. मागचं चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजायचं. मग दोघांनी नेहमीसारखं बसायचं (शेजाऱ्याला गाडी धरायला बोलवावं, तो हसेल) आणि पुन्हा मोजायचं. फरक साधारण ३ सेंटिमीटर आला तर जमलं. त्याहून बराच जास्त आला तर कडी वर चढवायची, कमी आला तर खाली, आणि दोन्ही बाजूंना खाच एकच. टायरची हवा मात्र त्याआधी, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. दोघांचा आकडा वेगळा असतो.

याचा संबंध नुसत्या कमरेशी नाही. मागून खचलेल्या गाडीचं पुढचं चाक हलकं होतं. कात्रजच्या घाटात वळणावर ती बाहेरच्या बाजूला का जाते, याचं उत्तर मला वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. समोरचे लोक रात्री दिवे मारून का शिव्या देतात, तेही आता कळलं. माझा हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होता.

उलट, पाचव्या खाचेवर एकट्याने फिरणंही वाईटच. चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच शॉकअपची चाल वरच्या टोकाला संपते, आणि मग चाक रस्ता सोडून टणटण उडतं.

नव्या जोडीवर आमची खाच चौथी ठरली. एकटा जायचं तर दुसरी. दोन मिनिटांचं काम, पण हात काळे होतात. हिचं मनगट आता बरं आहे, थंडीत थोडं दुखतं. परवा मंडईला निघताना ती सीटवर बसण्याआधी वाकून कडी बघत होती. "दुसरीवरच आहे," म्हणाली, आणि मी मुकाट्याने पाना काढला.